ब्रेक कुणाचा झिजतो, पैसा कुणाचा वाचतो?

सप्टेंबर २०२५ मध्ये न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात विजेवर चालणाऱ्या अवजड ट्रकच्या ताफ्याला केंद्रीय मंत्र्यांनी हिरवा झेंडा दाखवला. बॅटरी बदलून घेता येणारे पन्नास ट्रक पहिल्या तुकडीत होते. बंदरातल्या सुमारे सहाशे अंतर्गत ट्रकपैकी नव्वद टक्के ट्रक डिसेंबर २०२६ पर्यंत विजेवर नेऊ, असेही त्यावेळी जाहीर झाले. धूर नाही, आवाज नाही, डिझेल नाही, असा उदो उदो झाला आणि तो काही खोटा नव्हता. परंतु या सगळ्या कौतुकात एका वस्तूबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ती वस्तू म्हणजे ब्रेक. ट्रक किती किलोमीटर धावतो याचे आकडे मंत्र्यांपासून कंपनीच्या साहेबांपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ असतात. तो थांबतो कसा, थांबवताना काय झिजते आणि झिजलेले दुरुस्त करण्याचे पैसे कुणाच्या खिशातून जातात, हा प्रश्न मात्र गॅरेजवाल्याच्या आणि ड्रायव्हरच्या गळ्यात टाकून सगळे मोकळे होतात.

पुण्याच्या नवले पुलाचे नाव आता महाराष्ट्रात लहान पोरालाही माहीत झाले आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडले की रस्ता उतरत उतरत थेट शहराच्या गर्दीत येतो. २० नोव्हेंबर २०२२ रोजी तिथे एका अवजड वाहनाने एकामागून एक गाड्या चिरडल्या. आधी बातमी आली ब्रेक फेल झाल्याची. नंतर पोलिसांनी सांगितले की ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केले होते. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच उतारावर पुन्हा एक कंटेनर बेफाम झाला, आग लागली, आठ जणांचा बळी गेला. आणि पुन्हा सुरुवातीला तेच दोन शब्द, ब्रेक फेल.

ड्रायव्हर इंजिन बंद का करतो? गाडी न्यूट्रलला का टाकतो? तो वेडा आहे काय? त्याला स्वतःचा जीव नको आहे काय? टीव्हीवर बसून त्याला शिव्या देणाऱ्यांनी एकदा ट्रान्सपोर्टच्या धंद्याचा हिशेब समजून घ्यावा. अनेक ठिकाणी एका फेरीला किती लिटर डिझेल लागणार हे मालक आधीच ठरवून देतो. त्यापेक्षा जास्त लागले तर पगारातून कापले जाते, कमी लागले तर वाचलेले डिझेल हीच ड्रायव्हरची वरकमाई. ज्याचा पगार तुटपुंजा आणि भत्ता त्याहून तुटपुंजा, तो उताराकडे डोळे लावून बसणारच. चढावर जळालेले डिझेल उतारावर भरून काढायचे, हा धडा त्याला कुणी शाळेत शिकवलेला नाही; तो या धंद्यानेच शिकवला आहे. म्हणून अपघाताचा पंचनामा उतारावर होतो, पण गुन्हा घडतो तो मालकाच्या टेबलावर, डिझेलचा कोटा लिहिताना.

आता ब्रेक फेल होणे म्हणजे नेमके काय, हेही सांगितले पाहिजे. कारण पेडल तुटले किंवा नळी फुटली असाच पुष्कळांचा समज असतो. आपल्या ट्रकला हवेचे ब्रेक असतात. इंजिनवर चालणारा कंप्रेसर हवा दाबून टाकीत भरतो. ड्रायव्हरने पेडल दाबले की ती हवा चाकाजवळच्या डबीत जाते, तिथला दांडा पुढे सरकतो, ब्रेक शू फाकतात आणि त्यांच्यावर रिबीट मारून बसवलेले लायनर फिरत्या ड्रमच्या आतल्या बाजूला घासतात. घासण्यातून उष्णता निर्माण होते. लांब उतारावर सतत पेडल दाबून ठेवले तर ड्रम तापतो आणि तापलेले लोखंड फुगते. ड्रम फुगून शूपासून लांब जातो आणि दांड्याला तितके लांब पोचावे लागते. त्याची सरकण्याची हद्द ठरलेली असते. स्लॅक अॅडजस्टर वेळेवर आवळलेला नसेल तर ती हद्द आधीच अर्धी संपलेली असते. वर लायनरही तापून गुळगुळीत होतात आणि त्यांची पकड जाते. ड्रायव्हर पेडलवर उभा राहिला तरी गाडी थांबत नाही. त्यात इंजिन बंद असेल तर कंप्रेसरही बंद; दर वेळी पेडल मारले की टाकीतली हवा कमी होते, नवी भरत नाही. गिअरमध्ये असलेले इंजिन गाडीला मागे ओढून धरते, तेही सुटलेले असते. चाळीस टनांचे धूड आणि त्याला धरायला चार बोटे जाडीचेही नसलेले लायनर, असा तो सामना.

ही उष्णता किती असते याचा हिशेब कुणालाही मांडता येईल. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटरवर, खोपोली साठेक मीटरवर. बोरघाटात गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली उतरते. चाळीस टनांचा भरलेला ट्रक एवढा खाली आला की विजेच्या भाषेत सुमारे साठ युनिट ऊर्जा सुटते. त्यातली दहा-बारा युनिटे टायरच्या घर्षणात आणि वाऱ्यात जातात. उरलेल्या अठ्ठेचाळीस-पन्नास युनिटांचे काय करायचे? डिझेलच्या ट्रकमध्ये ती इंजिनाच्या आणि ब्रेकच्या मार्गे तापून हवेत जातात. पाच-सहाशे लिटर पाण्याला उकळी आणेल इतकी ही उष्णता! वस्तीतल्या एखाद्या लहान घराला महिनाभर पुरेल एवढी वीज एकेक ट्रक एकेका उताराला फुकून टाकतो, आणि ती फुकण्यासाठी लायनर, ड्रम आणि टायर झिजवतो.

विजेचा ट्रक इथे खरोखर वेगळा आहे, आणि जे वेगळे आहे ते मान्य केले पाहिजे. त्याची मोटर चाक फिरवते तशी उलटी चाकाकडून फिरवूनही घेता येते. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर जनित्र बनते, चाकांना मागे ओढते आणि तयार झालेली वीज बॅटरीत परत जाते. वाटेत काही गळती होतेच. तरी घाटातल्या पन्नास युनिटांपैकी पस्तीसेक युनिटे हाती लागायला हरकत नाही. भरलेल्या ट्रकला किलोमीटरला सव्वा-दीड युनिट लागते असे धरले तर घाटाखाली पंचवीस किलोमीटर जाण्याची सोय घाटानेच केली. स्वित्झर्लंडमध्ये बिएल गावाजवळच्या एका सिमेंट कंपनीच्या खाणीत हेच तत्त्व टोकाला नेले आहे. तिथला डंपर रिकामा डोंगर चढतो आणि पासष्ट टन दगड भरून उतरतो. त्याला सहाशे युनिटांची, साडेचार टन वजनाची बॅटरी बसवलेली आहे. उतरताना भरलेल्या गाडीचे वजन इतकी वीज देते की चढण्याचा बहुतेक खर्च त्यातूनच निघतो. खाण डोंगरावर आणि कारखाना पायथ्याला असल्यामुळे हे जमते, जादू काही नाही. आपल्याकडेही चाकणचा माल घाट उतरून न्हावाशेव्याला जातो, हे ध्यानात ठेवावे.

माझ्या मते या यंत्राची सगळ्यात मोठी गोष्ट युनिटांची नाहीच. डिझेलच्या ट्रकमध्ये उतारावर बेफिकीर राहिले तर मालकाचे पैसे वाचतात. विजेच्या ट्रकमध्ये उतारावर सावकाश, मोटरच्या ओढीवर उतरले तर पैसे वाचतात. न्यूट्रलला टाकणाऱ्याला तिथे एक युनिटही मिळत नाही. म्हणजे आजवर ड्रायव्हरचा जीव आणि मालकाचा नफा एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना उभे होते, ते पहिल्यांदाच एका बाजूला आले. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा घाटमार्गावर आधी विजेचे ट्रक यायला हवेत. बंदराच्या सपाट आवारात, जिथे घाटासारखा उतारच नाही, तिथे ताफा मिरवून झाला. आता घाटाचे काय, हे विचारले पाहिजे.

परंतु सावध! कंपनीची माणसे सांगतात तसे "या गाडीला ब्रेकचा खर्चच नाही" हे अर्धसत्य आहे. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर उतारावरची वीज ती घेईल कुठे? भरलेल्या घागरीत पाणी ओतल्यासारखे ते होईल. अशा वेळी गाडीचा संगणक मोटरची ओढ कमी करतो किंवा बंद करतो आणि सगळा भार पुन्हा त्याच लायनर-ड्रमवर येतो. चाकणला बॅटरी भरून निघालेली गाडी खंडाळ्यापर्यंत येताना पन्नासेक किलोमीटर चालते, साठ-पासष्ट युनिटे खर्चते, तेवढी जागा रिकामी होते आणि घाट तिच्यात मावतो. पण तीच गाडी लोणावळ्याला थांबून फुल्ल केली तर ड्रायव्हर घाटाच्या तोंडाशी अर्ध्या ब्रेकवर उभा असतो आणि कदाचित त्याला ते माहीतही नसते. म्हणून चार्जिंग स्टेशन कुठे बांधायचे हा नुसता जागेच्या भावाचा प्रश्न नाही. घाटमाथ्यावर गाडी किती टक्के भरू द्यायची याचा नियम स्टेशनवर मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत लिहिलेला असला पाहिजे.

वेगाचेही तसेच. पाच टक्के उतारावर चाळीस टन ताशी चाळीस किलोमीटरने आणायचे तर मोटरला सुमारे एकशे नव्वद किलोवॅट ओढावे लागतात. साठच्या वेगाने आणायचे तर दोनशे साठच्या घरात. मोटर आणि बॅटरी यांची जी काही कमाल हद्द असेल, तिच्या पलीकडचे सारे ब्रेकच्या वाट्याला. शिवाय मोटर ओढते ती फक्त ज्या चाकांना ती जोडलेली असते त्यांना. मागच्या ट्रेलरच्या धुरा जुन्याच हवेच्या ब्रेकवर चालतात. २०१८ साली केंद्र सरकारने धुरांवरच्या भाराची मर्यादा वीस-पंचवीस टक्क्यांनी वाढवली. तेव्हापासून त्याच रस्त्यावर, त्याच उतारावर जास्त वजन कायदेशीरपणे उतरते आहे. विजेच्या ट्रकमध्ये त्यावर काही टनांची बॅटरी आली. पुढचा भाग कितीही आधुनिक असला तरी मागचा ट्रेलर पंधरा वर्षांचा, त्याचा स्लॅक अॅडजस्टर कधी आवळला हे कुणालाच आठवत नाही, असली जोडी आपल्या रस्त्यांवर दिसणारच नाही याची हमी कोण देणार?

खर्चाची आणखी एक मजा आहे. वापरला की ब्रेक झिजतो हे सगळ्यांना कळते. न वापरल्यानेही तो बिघडतो हे कळायला वेळ लागतो. रोज घासून लख्ख राहणारा ड्रम महिनोन्महिने हलकेच वापरला तर गंजतो. पिना जाम होतात, शू अडकून बसतात, एका बाजूचे चाक धरते आणि दुसऱ्या बाजूचे धरत नाही. उरण-न्हावाशेव्याची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यात लोखंडाचे काय होते हे कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारा. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीने आपल्या आयडी ३ या विजेच्या मोटारीला मागच्या चाकांना मुद्दाम जुन्या पद्धतीचे बंदिस्त ड्रम बसवले, कारण कमी वापरल्या जाणाऱ्या उघड्या डिस्कपेक्षा ते बरे टिकतात. तेव्हा विजेच्या ट्रकचा लायनर डिझेलच्या ट्रकपेक्षा कितीतरी अधिक काळ टिकेल हे खरे, पण चाक उघडून साफ करणे, पिनांना ग्रीस देणे, हवेची गळती बघणे हे काम वेळापत्रकाप्रमाणे करावेच लागेल. "लायनर अजून जाड आहे ना, मग कशाला उघडता?" असे म्हणणारा मालक पैसे वाचवत नाही, अपघात उधार घेतो.

आता ज्यांच्या हातून हे काम होते त्यांच्याकडे वळू. हायवेच्या कडेला, ट्रक टर्मिनलच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये लायनर बसवणारी पोरे दिसतात. ती कोणत्या वस्त्यांतून येतात, किती इयत्ता शिकून येतात, हे या पानाच्या वाचकांना मी सांगायची गरज नाही. चाक उघडले की ड्रममध्ये काळी-करडी भुकटी साचलेली असते. ती पोरे हवेच्या नळीने फुंकून उडवतात, तोंडाला फडके बांधले तर बांधले. या भुकटीत काय असते? तांबे, लोखंड, राळ. आणि लायनर जुन्या पद्धतीचा असेल तर अस्बेस्टॉस. या अस्बेस्टॉसने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे जगाने मान्य करून कित्येक दशके लोटली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी अस्बेस्टॉस कामगारांच्याच खटल्यात कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भाग आहे, असा निर्वाळा दिला. निकाल उत्तम; पण पांढऱ्या अस्बेस्टॉसच्या वापरावर आपल्या देशात सरसकट बंदी नाही, आणि पत्र्याच्या शेडमध्ये निकालाची प्रत कुणी चिकटवलेली नाही.

युरोपात २०२४ मध्ये मंजूर झालेल्या युरो ७ नियमांनी पहिल्यांदाच नळीतून निघणाऱ्या धुराबरोबर ब्रेकमधून उडणाऱ्या कणांवरही मर्यादा घातली. विजेच्या मोटारींना किलोमीटरमागे तीन मिलिग्रॅम, इतर बहुतेक मोटारींना सात. धूर बंद झाला म्हणजे प्रदूषण संपले असे नव्हे, हे तिथे कायद्यात उतरले. विजेच्या ट्रकमुळे ही भुकटी कमी होईल आणि तिचा पहिला फायदा त्या शेडमधल्या पोराच्या छातीला होईल. हा फायदा कुठल्याही सरकारी जाहिरातीत मी वाचलेला नाही. जाहिरातीत फक्त वाचलेले डिझेल असते.

पण भुकटी कमी झाली की कामही कमी होणार, त्याचे काय? लायनर घासणारा, रिबीट मारणारा, लेथवर ड्रम टर्न करून देणारा, यांचे पोट त्या झिजण्यावरच भरते. विजेच्या ट्रकचे उरलेले काम तरी त्यांच्याकडे येईल का? इथे खरी मेख आहे. या गाडीत पेडल आणि चाक यांच्यामध्ये संगणक बसलेला असतो. किती ब्रेक मोटरने लावायचा, किती हवेने, हे तो ठरवतो. दुरुस्तीला चाक उघडायचे तर काही गाड्यांना आधी यंत्र लावून 'सर्व्हिस'च्या स्थितीत आणावे लागते. सेन्सर बदलला तर तो गाडीला ओळखीचा करून द्यावा लागतो. ते यंत्र, तो पासवर्ड, ती माहिती कंपनीकडे. म्हणजे लायनरचे काम अर्ध्या तासाचे असले तरी गाडी कंपनीच्या वर्कशॉपला न्या, रांगेत लावा, ते सांगतील ते बिल भरा.

हा रोग जुना आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून २५४४ कोटी ६५ लाख रुपयांचा दंड ठोठावला होता. गुन्हा काय, तर सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू न देणे. लोखंडी भागांच्या जमान्यात जर कंपन्या एवढे करीत होत्या, तर सगळा ब्रेकच संगणकाच्या ताब्यात गेल्यावर काय करतील? ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले, त्यात वाहनेही घेतली. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०२० साली जनतेने मतदान करून गाडीतून कंपनीकडे जाणारी दुरुस्तीची माहिती मालकाला आणि त्याच्या पसंतीच्या गॅरेजला मिळालीच पाहिजे असा कायदा करून घेतला. चारातल्या तिघांनी बाजूने मत दिले. आपल्याकडे आयटीआयमध्ये विजेच्या वाहनांच्या मेकॅनिकचा अभ्यासक्रम आता आहे. तो शिकून बाहेर पडलेल्या मुलाला उद्या कंपनीचे यंत्रच मिळणार नसेल, तर त्याने प्रमाणपत्र भिंतीवर लावून बसायचे काय?

माहितीचा हा प्रश्न नुसता गॅरेजपुरता नाही. अपघातानंतर पहिला हातकडीत जातो तो ड्रायव्हर. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने निष्काळजीपणाने मृत्यूला कारण होण्याची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत नेली. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे पोटकलमही त्यात होते. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी देशभर चाके थांबवली म्हणून १ जुलै २०२४ ला संहिता लागू करताना तेवढे बाजूला ठेवावे लागले. उलट मोटार वाहन कायद्याचे कलम १९० सांगते की बिघाड असलेली गाडी रस्त्यावर चालवणारा जसा दोषी, तसा ती चालवायला लावणाराही दोषी. किती मालकांवर ते कलम लागलेले तुम्ही वाचले आहे?

विजेच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरने पेडल कधी दाबले, किती दाबले, मोटरने किती ओढले, हवेचा दाब किती होता, बॅटरी किती भरलेली होती, या सगळ्याची नोंद संगणकात होऊ शकते. ब्रेक फेल झाला की माणूस चुकला, हे त्या नोंदीवरून उलगडेल. ही नोंद ड्रायव्हरच्या बाजूची साक्ष ठरू शकते. पण ती असते कंपनीच्या आणि मालकाच्या हातात, म्हणजे ज्यांच्यावर आरोप होऊ शकतो त्यांच्याच हातात. अपघातानंतर या नोंदीची प्रत पोलिसांबरोबर ड्रायव्हरला किंवा त्याच्या घरच्यांना मिळाली पाहिजे, अशी मागणी ट्रक कामगारांच्या संघटनांनी आताच लावून धरावी. गाड्या हजारांनी रस्त्यावर आल्यावर कंपन्या ऐकणार नाहीत. संघटना हा शब्द वापरला खरा, पण १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याचे छत्र पाच कामगारांच्या खाली नव्हतेच, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने ही रेषा दहावर नेली. दोन-तीन गाड्यांच्या मालकाकडे राबणारा ड्रायव्हर आठ तासांच्या दिवसाचा हक्क कुणाकडे मागणार? आणि देशातले बहुसंख्य ट्रक अशाच पाचपेक्षा कमी गाड्यांच्या मालकांकडे आहेत.

या छोट्या मालकाच्या दाराशी विजेचा ट्रक कसा येणार, तेही पाहा. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ११ जुलै २०२५ रोजी ट्रकसाठी अनुदान जाहीर झाले. एका ट्रकला जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार रुपये, देशभरात सुमारे ५६०० ट्रक. अट अशी की जुना डिझेल ट्रक भंगारात काढल्याचे प्रमाणपत्र हवे. अवजड विजेचा ट्रक डिझेलच्या ट्रकच्या दुप्पट-तिप्पट किमतीला पडतो. त्यात साडेनऊ लाखांचे अनुदान मिळाले तरी ज्याच्या एकाच ट्रकवर घर चालते, तो हप्त्याच्या पहिल्या वर्षातच बुडेल. म्हणून नवी गाडी घेणार सिमेंट कंपन्यांचे, बंदरांचे, मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांचे ताफे. लायनर वाचल्याचा, डिझेल वाचल्याचा पहिल्या काही वर्षांतला सगळा फायदा त्यांचा. योजनेत कंपनीने बॅटरीला पाच वर्षे किंवा पाच लाख किलोमीटर आणि गाडी व मोटरला पाच वर्षे किंवा अडीच लाख किलोमीटर, यातले जे आधी संपेल तितकी हमी द्यायची आहे. दिवसाला तीनशे किलोमीटर चालणारी गाडी वर्षाला लाखभर किलोमीटर करते. म्हणजे मोटरची हमी अडीच वर्षांत संपली, बॅटरीची पाचव्या वर्षी.

मग ती गाडी विकली जाईल, आणि तेव्हा ती घेईल आपला एका ट्रकचा मालक, जो स्वतःच ड्रायव्हर असतो. तोवर बॅटरी म्हातारी झालेली असेल. म्हाताऱ्या बॅटरीचा आतला रोध वाढतो आणि उतारावरून झपाट्याने येणारी वीज तिला पूर्वीसारखी गिळता येत नाही. मोटरची ओढ कमी होते, ब्रेकवरचा भार वाढतो. ज्या वर्षी लायनरचा, ड्रमचा आणि सेन्सरचा खर्च पुन्हा डोके वर काढतो, नेमक्या त्याच वर्षी गाडी त्याच्या दारात, हमी संपलेली आणि पासवर्ड कंपनीकडे. आठ वर्षांपर्यंतच्या ट्रकचा फिटनेस दोन वर्षांतून एकदा तपासला जातो. विजेचा ट्रक जुन्या हातातून नव्या हातात जाताना ब्रेकची, बॅटरीच्या वीज परत घेण्याच्या ताकदीची वेगळी तपासणी आणि तिचा लेखी दाखला विकणाऱ्याने देण्याची सक्ती आजच्या नियमांत घालता येण्यासारखी आहे. तपासणी केंद्रावर तो आकडा मोजायला लागतो एक उतार किंवा रोलर, आणि कंपनीच्या संगणकाची किल्ली.